बादिया खोरे

बादिया खोरे (लादिन व इटालियन: वाल बादिया, जर्मन: गाडरटाल) हे उत्तर इटलीतील दक्षिण तिरोल (बोल्झानो) या स्वायत्त प्रांतात, आल्प्स पर्वताच्या डोलोमाइट रांगेत वसलेले नदीखोरे आहे. त्रेन्तिनो-आल्तो अदिजे प्रदेशातील हे खोरे दोन कारणांसाठी ओळखले जाते. एक म्हणजे येथील फिकट रंगाचे, उभ्या कड्यांचे डोंगर आणि त्यांवरील स्कीइंग, गिर्यारोहण व सायकलिंग. दुसरे म्हणजे येथे आजही दैनंदिन व्यवहारात बोलली जाणारी लादिन ही रोमान्स भाषा. लादिन भाषकांची संख्या सर्व खोरी मिळून सुमारे ३०,००० आहे. बादिया खोरे हे या भाषेच्या प्रमुख केंद्रांपैकी एक मानले जाते.

भूगोल

खोऱ्यातील मुख्य नदीचे जर्मन नाव गाडर आहे. लादिन भाषेत तिला ग्रान एगा, म्हणजे 'मोठे पाणी' असे म्हणतात. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत ब्रुनेक (इटालियन: ब्रुनिको) शहराजवळ रिएन्त्स नदीला मिळते. पुढे आइझाक आणि अदिजे या नद्यांमार्गे हे पाणी एड्रियाटिक समुद्रात जाते.

खोऱ्यात पाच पालिका आहेत: बादिया, कोर्वारा, ला वाल, सान मार्तिन दे तोर आणि मारेओ. यांपैकी वरच्या भागातील कोर्वारा, कोल्फोस्को, ला विला, सान कास्सियानो, सान लेओनार्दो व ला वाल ही गावे पर्यटनाच्या संदर्भात 'आल्ता बादिया' (वरचे बादिया) या नावाने एकत्र ओळखली जातात. कोर्वारा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर, तर कोल्फोस्को १,६४० मीटरहून अधिक उंचीवर आहे. कोर्वाराच्या डोक्यावर सास्सोंगेर (२,६६५ मीटर) हा सुळका उभा आहे. नैर्ऋत्येस सेला हा पठारासारखा सपाट माथ्याचा पर्वतसमूह असून पीत्स बोए (३,१५२ मीटर) हे त्याचे सर्वोच्च शिखर आहे. खोऱ्याच्या पूर्वेची बाजू सास द्ला क्रूश, लावारेला (३,०५५ मीटर) व कुंतुरिनेस (३,०६४ मीटर) यांच्या कड्यांनी बंद केली आहे. वायव्येस पुएत्स-ओद्ले आणि पूर्वेस फानेस-सेनेस-ब्राएस ही दोन संरक्षित निसर्गोद्याने आहेत.

भूरचना

डोलोमाइट डोंगर प्रामुख्याने ट्रायासिक कालखंडात, म्हणजे ढोबळमानाने २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी, उबदार व उथळ समुद्रात साचलेल्या गाळाचे बनले आहेत. त्या समुद्रात चुना साठवणाऱ्या सजीवांपासून तयार झालेल्या भित्तिका होत्या. भित्तिकांच्या मध्ये ज्वालामुखीची राख व चिखल साचत गेला. पुढे आफ्रिका व युरोप या भूखंडांच्या टकरीत आल्प्स पर्वत वर उचलला गेला, तेव्हा हा समुद्रतळही वर आला. मऊ थर झिजून त्यांची हिरवी कुरणे झाली, तर कठीण भित्तिका उभ्या कड्यांच्या रूपात शिल्लक राहिल्या. सपाट, मृदू कुरणातून एकाएकी शेकडो मीटर उंचीची भिंत उभी राहावी, हे येथील दृश्य या फरकामुळे दिसते.

या खडकात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमिए (१७५०–१८०१) यांनी त्याचे वर्णन केले. त्यांच्या सन्मानार्थ आधी खडकाला आणि नंतर पर्वतरांगेला हे नाव मिळाले. २००९ मध्ये युनेस्कोने डोलोमाइट रांगेतील नऊ भागांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पुएत्स-ओद्ले परिसर आणि फानेस-सेनेस-ब्राएस उद्यान त्यांत येतात. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळी हे कडे प्रथम केशरी, मग गुलाबी व शेवटी जांभळट दिसतात. या घटनेला लादिन भाषेतील 'एनरोसादिरा' हा शब्द असून तो इटालियन भाषेतही रूढ झाला आहे.

कुंतुरिनेस डोंगरात सुमारे २,८०० मीटर उंचीवरील एका गुहेत १९८७ मध्ये गुहा-अस्वलांची हाडे सापडली. आज जेथे केवळ खडक आहे, तेथे एकेकाळी मोठ्या शाकाहारी प्राण्यांना पुरेल इतकी वनस्पती होती, असे त्यावरून दिसते. या अस्वलाला 'उर्सुस लादिनिकुस' हे शास्त्रीय नाव देण्यात आले असून त्यासंबंधीचे संग्रहालय सान कास्सियानो येथे आहे.

लादिन भाषा

इ.स.पू. १५ मध्ये रोमन सैन्याने मध्य आल्प्स जिंकला. तेथील रेती व इतर जमातींनी हळूहळू लॅटिन बोली स्वीकारली. पुढील शतकांत उत्तरेकडून जर्मन आणि दक्षिणेकडून इटालियन बोली पसरत गेल्या, परंतु सेला पर्वतासभोवतालच्या उंच खोऱ्यांत जुन्या लॅटिनचे हे स्थानिक रूप टिकून राहिले. 'लादिन' हे नाव 'लॅटिन' याच शब्दापासून आले आहे. स्पेनमधून निघालेल्या ज्यूंच्या 'लादिनो' भाषेशी तिचा थेट संबंध नाही.

स्वित्झर्लंडमधील रोमान्श आणि ईशान्य इटलीतील फ्रियुली या लादिनच्या जवळच्या भाषा मानल्या जातात. या तिन्हींचा एक स्वतंत्र गट आहे की त्या उत्तर इटालियन बोलींचाच विस्तार आहेत, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रात्सियादियो इसाया आस्कोली यांनी १८७३ मध्ये त्यांच्या एकत्वाचा सिद्धांत मांडला. हा वाद केवळ विद्वानांपुरता राहिला नाही. लादिन ही इटालियनची बोली ठरली, तर तिला वेगळे संरक्षण देण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे विसाव्या शतकात या प्रश्नाला राजकीय महत्त्व आले.

लादिन व इटालियनमधील फरक साध्या शब्दांतही दिसतो. घराला इटालियनमध्ये 'कासा' व अनेकवचनी 'कासे' म्हणतात. बादियाच्या लादिनमध्ये ते 'चासा' व 'चासेस' होते. म्हणजे आरंभीचा 'क' बदलून 'च' होतो आणि अनेकवचन फ्रेंच किंवा स्पॅनिशप्रमाणे 'स' जोडून करतात. नकाशावरील नावे वाचताना काही शब्द उपयोगी पडतात: 'जू' म्हणजे खिंड, 'पीत्स' म्हणजे शिखर, 'सास' म्हणजे खडक, 'मुंत' म्हणजे डोंगरावरील कुरण, 'एगा' म्हणजे पाणी आणि 'ऊतिया' म्हणजे डोंगरावरील झोपडी किंवा विश्रामगृह. आभार मानण्यासाठी येथे 'जुलान' म्हणतात.

लादिन पाच खोऱ्यांत बोलली जाते: बादिया, गार्देना, फासा, फोदोम (लिव्हिनालोंगो) आणि आम्पेत्सो. प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी आहे. बादिया खोऱ्यातही वरच्या भागातील 'बादियोत' आणि मारेओची 'मारो' असा भेद केला जातो. धर्मगुरू मिकुरा दे रू (१७८९–१८४७) यांनी १८३३ मध्ये लादिनचे पहिले व्याकरण लिहिले आणि सर्व खोऱ्यांसाठी एक सामायिक लेखी भाषा असावी असा प्रयत्न केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'लादिन दोलोमितान' या नावाने पुन्हा तसा प्रयत्न झाला. तथापि, शाळा व कार्यालयांत आजही प्रामुख्याने त्या त्या खोऱ्याचे रूप वापरले जाते.

इतिहास

मध्ययुगात खोऱ्यातील बरीच जमीन आजच्या ब्रुनेकजवळील सोनेनबुर्ग येथील बेनेडिक्टाइन जोगिणींच्या मठाच्या मालकीची होती. 'बादिया' आणि पालिकेचे जर्मन नाव 'आब्टाय' या दोहोंचा अर्थ 'मठ' असाच होतो. उर्वरित भागावर ब्रिक्सनच्या बिशपांची सत्ता होती. सान मार्तिन येथील चाश्तेल दे तोर हा किल्ला त्यांच्या न्यायाधिकाऱ्याचे ठाणे होता. पंधराव्या शतकात ब्रिक्सनचे बिशप असलेले तत्त्वज्ञ निकोलाउस कुझानुस आणि मठाची प्रमुख वेरेना फॉन श्टूबेन यांच्यात अधिकारांवरून तीव्र संघर्ष झाला. १४५८ मध्ये मारेओ येथे त्याचे पर्यवसान रक्तपातात झाले. १७८५ मध्ये मठ बंद करण्यात आला आणि १८०३ मध्ये बिशपांची राजकीय सत्ता संपली. त्यानंतर हे खोरे ऑस्ट्रियाच्या अमलाखालील तिरोलचा भाग बनले.

मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारल्यावर आघाडी थेट लादिन खोऱ्यांतून गेली. खोऱ्याच्या दक्षिणेकडील लागात्सुओई व कोल दी लाना या डोंगरांवर दोन्ही सैन्यांनी बोगदे खणून एकमेकांच्या ठाण्यांखाली सुरुंग उडवले. वालपारोला खिंडीजवळील त्रे सास्सी या किल्ल्यात आज युद्धसंग्रहालय आहे.

१९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने दक्षिण तिरोल इटलीकडे गेला. ५ मे १९२० रोजी निरनिराळ्या खोऱ्यांतील लादिन लोक बादिया व गार्देना यांना जोडणाऱ्या जू दे फ्रारा (गार्देना खिंड) येथे जमले. तेथे निळ्या, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांचा लादिन ध्वज प्रथम उभारून त्यांनी स्वतंत्र जनसमूह म्हणून मान्यता मागितली. ती मिळाली नाही. फॅसिस्ट राजवटीत १९२३ मध्ये आम्पेत्सो व फोदोम बेल्लुनो प्रांताला जोडण्यात आले. १९२७ मध्ये बोल्झानो प्रांत वेगळा झाला तेव्हा बादिया व गार्देना त्यात गेले, तर फासा त्रेन्तोकडेच राहिले. पाच शेजारी खोरी अशा रीतीने तीन प्रांतांत विभागली गेली आणि ही विभागणी आजही कायम आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये आम्पेत्सो, फोदोम व कोल्ले सांता लुचिया येथील मतदारांनी दक्षिण तिरोलमध्ये परत जाण्याच्या बाजूने कौल दिला, परंतु तो अमलात आलेला नाही.

शाळा व प्रशासन

फॅसिस्ट काळात शाळांमध्ये केवळ इटालियन हे माध्यम सक्तीचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा इटालियन असावी की जर्मन, यावर खोऱ्यात मतभेद झाले. १९४८ मध्ये 'समान भाषांची शाळा' हा तोडगा स्वीकारण्यात आला. या पद्धतीत निम्मे विषय इटालियनमध्ये व निम्मे जर्मनमध्ये शिकवतात. लादिन हा स्वतंत्र विषय असतो आणि बालवाडीत व पहिल्या इयत्तेत ती शिकवण्यासाठीही वापरली जाते. परिणामी खोऱ्यातील मुले लहानपणापासूनच तीन भाषांत वावरतात. दुसरीकडे, आठवड्यातील मोजक्या तासांवर लादिनचे लेखन-वाचन कितपत पक्के होते, हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

१९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने लादिन समूहाच्या हक्कांना बळ मिळाले. १९८८ च्या हुकूमनाम्याने लादिन भागांतील कार्यालयीन कामकाजात ही भाषा वापरण्याचा अधिकार दिला. सान मार्तिन दे तोर येथील 'मिकुरा दे रू' लादिन संस्था १९७६ पासून शब्दकोश, पुस्तके व संशोधन प्रसिद्ध करते. त्याच गावातील चाश्तेल दे तोर किल्ल्यात २००१ मध्ये लादिन संग्रहालय सुरू झाले. 'ला ऊश दी लादिन्स' हे साप्ताहिक आणि सार्वजनिक प्रसारण संस्थेचे लादिन कार्यक्रम नियमित उपलब्ध असतात.

२०११ च्या जनगणनेत दक्षिण तिरोलच्या लोकसंख्येपैकी सुमारे साडेचार टक्के लोकांनी स्वतःला लादिन गटात नोंदवले. बादिया खोऱ्यातील पाचही पालिकांत मात्र हे प्रमाण सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक होते. ला वाल येथे ते ९७ टक्क्यांच्या पुढे होते. युनेस्कोच्या धोक्यातील भाषांच्या नकाशासंग्रहात मात्र लादिनची नोंद 'निश्चितपणे धोक्यात' अशी आहे.

लोकजीवन

खोऱ्याचे वैशिष्ट्य असलेल्या वस्तीला 'विला' (अनेकवचन: विलेस) म्हणतात. उतारावर काही शेतकरी घरे एकमेकांना लागून बांधलेली असतात. मध्ये सामायिक अंगण, पाण्याचा हौद आणि पाव भाजण्याची भट्टी असते. प्रत्येक कुटुंबाचे राहते घर व गोठा-कोठार या दोन स्वतंत्र इमारती असतात. घराचा खालचा भाग दगडी व वरचा लाकडी असतो. लाकडाने मढवलेली, शेगडीने ऊब येणारी 'स्तूआ' ही घरातील मुख्य खोली होय. ला वाल, सान मार्तिन व मारेओ भागांत विलेस चांगल्या स्थितीत आहेत. लोंजारू येथील ओढ्याकाठी जुन्या पाणचक्क्यांची रांग पाहता येते.

येथे शेतजमीन वाटून न घेता एकाच वारसाकडे जाण्याची प्रथा होती. त्यामुळे शेते अखंड राहिली, पण इतर भावंडांना मजुरी, कारागिरी किंवा स्थलांतर यांवाचून पर्याय नसे. १८५२ मध्ये ओइएस या वस्तीवरील शेतकरी घरात जन्मलेले धर्मप्रसारक योसेफ फ्राइनाडेमेत्स हे चीनमध्ये गेले आणि १९०८ मध्ये तेथेच मरण पावले. २००३ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले असून त्यांचे जन्मघर यात्रास्थान आहे. सास द्ला क्रूशच्या पायथ्याशी २,०४५ मीटर उंचीवरील ला क्रूश हे छोटे चर्चही जुने यात्रास्थान आहे.

आहारात जव, बटाटा, कोबी, दूध व डुकराचे मांस यांना महत्त्व आहे. जवाचे सार 'पानिचा', पालक व ताज्या चीजचे सारण भरून तळलेली 'तुर्त्रेस' आणि अर्धचंद्राकृती 'काजिन्ची' हे परिचित पदार्थ आहेत. मौखिक परंपरेत फानेस राज्याची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. फानेस लोकांचा मार्मोट या डोंगरी प्राण्याशी गुप्त करार होता, राजाच्या लोभापायी तो मोडला आणि राज्य लयाला गेले, असे ती सांगते. कार्ल फेलिक्स वोल्फ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कथा जर्मनमध्ये संकलित केल्या.

पर्यटन व मैदानी उपक्रम

हिवाळा (डिसेंबर ते एप्रिलचा आरंभ) आणि उन्हाळा (जून ते सप्टेंबर) हे पर्यटनाचे दोन हंगाम आहेत. मधल्या काळात अनेक रज्जुमार्ग, हॉटेले व डोंगरावरील विश्रामगृहे बंद असतात.

* स्कीइंग: सेला पर्वताला वळसा घालणारी 'सेलारोंदा' ही फेरी जगप्रसिद्ध आहे. गार्देना, सेला, पोर्दोई व काम्पोलोंगो या चार खिंडी ओलांडणारी ही फेरी रज्जुमार्गांसह सुमारे ४० किलोमीटरची असून ती एका दिवसात पूर्ण करता येते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेचा मार्ग नारिंगी, तर उलट दिशेचा हिरव्या फलकांनी दाखवलेला असतो. दुपारी शेवटची खिंड वेळेत ओलांडली नाही आणि रज्जुमार्ग बंद झाले, तर रस्त्याने लांबचा वळसा घेऊन परतावे लागते. बादिया, गार्देना, फासा व फोदोम ही चार लादिन खोरी या फेरीत जोडली जातात. ला विला येथील ग्रान रीसा उतारावर १९८५ पासून विश्वचषक स्पर्धा होतात.

* पदभ्रमण: आल्ता वीया १ व आल्ता वीया २ हे अनेक दिवसांचे मार्ग अनुक्रमे फानेस पठारावरून आणि पुएत्स व सेला भागातून जातात. अनुभव नसलेल्यांसाठी प्रालोंजाचे पठार किंवा ला क्रूशखालील आर्मेंतारा कुरणांतील वाटा सोप्या आहेत. गवत कापणीपूर्वी कुरणातून न चालता वाटेवरच राहणे अपेक्षित असते, कारण ते गवत जनावरांचा हिवाळ्याचा चारा असतो.

* गिर्यारोहण: लोखंडी दोर व शिड्या बसवलेल्या कड्यांवरील मार्गांना 'व्हिया फेराता' म्हणतात. गार्देना खिंडीजवळून निघणारा व झुलत्या पुलावर संपत जाणारा पिशाडू मार्ग त्यांत विशेष लोकप्रिय आहे. शिरस्त्राण, कमरपट्टा व झटका शोषणारे दोर आवश्यक असतात. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळे होतात. लोखंडी दोरांजवळ ती विशेष धोक्याची असल्याने चढाई पहाटे सुरू करतात. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

* सायकलिंग: १९८७ पासून दर उन्हाळ्यात 'माराटोना द्लेस दोलोमितेस' ही हौशी सायकलपटूंची शर्यत होते. सर्वांत लांब मार्ग १३८ किलोमीटरचा असून त्यात चार हजार मीटरहून अधिक चढ आहे. शर्यतीचे नाव लादिन भाषेतील आहे.

खोऱ्यात रेल्वे नाही. ब्रुनेक येथील स्थानकातून बसने सुमारे ३७ किलोमीटरवरील कोर्वाराला जाता येते. रस्त्यावरील फलक लादिन, जर्मन व इटालियन अशा तीन भाषांत असतात. उदाहरणार्थ, एकाच गावाला ला इला, श्टेर्न व ला विला अशी तीन नावे आहेत. नकाशा व बसचे वेळापत्रक ताडून पाहताना हे लक्षात ठेवावे लागते.

सद्यस्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खोऱ्यात धड गाडीरस्ता नव्हता. दुर्गमता व गरिबी हीच भाषेच्या टिकावाची मोठी कारणे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर रज्जुमार्ग व हॉटेले आली आणि परिस्थिती उलटली. पर्यटनामुळे तरुणांना गावातच रोजगार मिळाला, स्थलांतर थांबले आणि अनेक शेतकरी कुटुंबांना घरातील काही खोल्या पाहुण्यांना देऊन शेती चालू ठेवता आली. लादिन बोलणारी लोकवस्ती खोऱ्यात टिकून राहण्यात या उत्पन्नाचा वाटा मोठा आहे.

त्याच पर्यटनाने नवे ताणही निर्माण केले. घरांच्या व जमिनीच्या किमती वाढल्याने स्थानिक तरुणांना घर घेणे कठीण जाते. पाहुण्यांशी बोलताना इटालियन, जर्मन किंवा इंग्रजी वापरावी लागते. कृत्रिम बर्फासाठी पाणी व वीज लागते. खिंडींतील वाहतूक कमी करण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात सेला खिंडीचा रस्ता बुधवारी ठरावीक वेळेत मोटारींसाठी बंद ठेवून पाहण्यात आला. २०२२ मध्ये प्रांताने पर्यटकांच्या निवासी खाटांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे धोरण स्वीकारले. खोऱ्यातील लादिनचे भवितव्य शाळा व कायद्यांइतकेच घरांच्या किमती, शेतीचे सातत्य आणि तरुण कुटुंबांचे गावात राहणे यांवरही अवलंबून आहे.